दरवाजा : बारा

या कंपनीच्या लिफ्टमध्ये दरवाजा झटकन बंद व्हावा म्हणून एक बटण असतं. त्याच्या मागे वायर नाही. माणसाच्या बोटाला काहीतरी उद्योग हवा, म्हणून ते बसवलंय.

*

स्वयंपाकघरातल्या खिळ्याला एक शिट्टी लटकते. फुंकली की आता शिट्टीपेक्षा दम्याचा आवाज जास्त येतो.

*

"माझा डबा कुणी हलवला?"

"कुणी नाही. फ्रिज सगळ्यांचा आहे."

*

हा संच गोठवलेला आहे. बदल नामंजूर.

*

हिरव्या उजेडात माणूस कितीही ठणठणीत असला तरी कालपासून उलट्या होत असल्यासारखा दिसतो.

*

वॉकरच्या पुढच्या उजव्या पायाचं रबर अर्धं कापलेलं आहे.

*

काचेची ढाल, खाली निळी मखमल. अक्षरं कोरलेली : 'वर्षातलं सर्वोत्कृष्ट कुलूप'.

*

ही ढाल जिला मिळाली तिला ऑफिसात सगळे कुलूपबाई म्हणत. तोंडावर म्हणत. त्यामुळे टोपणनावात जी चोरटी गंमत असते तीही उरली नव्हती.

कंपनी लिफ्टचे प्रोग्राम लिहायची. गावातल्या निम्म्याहून जास्त लिफ्ट त्यांच्या सर्व्हरच्या तालावर वरखाली करत. वेग किती, दिवा कसला, दरवाजा किती वेळ उघडा, हे सगळं एका डिक्शनरीत लिहिलेलं होतं. ही डिक्शनरी म्हणजे शब्दांचे अर्थ सांगणारं जाडजूड पुस्तक नव्हे. प्रोग्राममधली डिक्शनरी फार सरळ असते. डावीकडे नाव, उजवीकडे त्याची किंमत. 'वेग' म्हटलं की आकडा हातात. 'दरवाजा' म्हटलं की मात्र आत आणखी एक छोटी डिक्शनरी निघायची आणि तिला 'थांब' विचारलं की ती सांगायची : चार. चार सेकंद उघडा, मग बंद. चढा किंवा राहा.

अडचण अशी की ही डिक्शनरी ऑफिसातल्या फ्रिजसारखी होती. सगळ्यांची. प्रोग्रामच्या कुठल्याही कोपऱ्यातून कुणीही यावं, आतलं काही हलवावं आणि शिट्टी वाजवत निघून जावं. हलवणाऱ्याला पत्ता नसे की आपण काय हलवलं. एकदा दाढीने, म्हणजे कुलूपबाईच्या शेजारी बसणाऱ्या दाढीवाल्या प्रोग्रामरने, एका इमारतीसाठी हिरवा दिवा कसा दिसतो ते पाहायला म्हणून दिव्याचा रंग बदलला. दुसऱ्या दिवशी गावभरच्या लिफ्ट हिरव्या. लोक आत शिरायचे धडधाकट आणि आरशात बघून बाहेर पडायचे थेट दवाखान्याच्या दिशेने.

"मी एकाच इमारतीचा बदलला होता," दाढी म्हणाला.

"तुला वाटलं एकाच इमारतीचा बदलला," ती म्हणाली. "ती डिक्शनरी एकच आहे. सगळ्या इमारती तिच्याकडेच बोट दाखवतात. तू घरातला पंखा बंद करायला गेलास आणि खांबावरचा फ्यूज काढून आणलास."

तेव्हापासून तिने ध्यासच घेतला. मूळ डिक्शनरी गोठवायची. वाचा हवी तेवढी, लिहायला जाल तर प्रोग्राम तिथल्या तिथे ओरडेल. कुणाला वेगळा आकडा हवा असेल तर त्याने नक्कल करावी आणि नकलेत काय तो गोंधळ घालावा. तिने मीटिंगा घेतल्या, फळ्यावर चित्रं काढली. चहाच्या मशीनपाशी सापडेल त्याला धरून सामायिक डिक्शनरी उघडी ठेवणं म्हणजे काय, ते समजावलं. लोक चहा सोडायला तयार झाले, पण शेवटी कुलूप लागलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, ढाल दिली आणि भाषणात 'अभेद्य' हा शब्द तीनदा वापरला. तिला तो पहिल्या खेपेलाच खटकला होता. पण ढाल हातात असताना कोण खटकून घेतं?

बाबा : सहावा मजला

तिचे बाबा शाळेत पी.टी. मास्तर होते. आयुष्यभर त्यांनी पोरांचे दोनच प्रकार पाडले : चपळ आणि बैल. शिट्टी झाली की जो हलला तो माणूस, बाकी सगळा भार. निवृत्त झाल्यावर घरातल्यांना हलवायला लागले. कुकरची शिट्टी झाल्यावर गॅस बंद करायला उशीर झाला तरी बाहेरच्या खोलीतून हुकूम यायचा, "रिअॅक्शन टाइम! रिअॅक्शन टाइम!"

मग खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाताशी वॉकर आला. डॉक्टर म्हणाले, चालते राहा, रोज खाली जा. मास्तरांना तेवढंच हवं होतं, कारण समोरच्या सलूनमधल्या बाकावर त्यांची गादी होती. तिथे बसून ते गिऱ्हाइकांच्या बसण्याला, न्हाव्याच्या उभं राहण्याला आणि देशाच्या चालण्याला नावं ठेवत. ती गादी रिकामी पडल्यापासून न्हावी आठवड्यातून एकदा खालून हाक मारायचा, "मास्तर, या की! तुमच्यावाचून बाक सुकला!"

पहिल्याच दिवशी वॉकर पुढे टाकला, एक पाय उचलला आणि चार सेकंद संपले. दरवाजाला डोळा असतो, तो मध्ये कोणी आलं की थांबतो. पण तो डोळा बसवलाय कमरेच्या उंचीवर, आणि वॉकरचा पाय असतो जमिनीवर. खट्. रबर कापलं गेलं. बाबा आत नाही, बाहेर नाही, मध्ये. दरवाजा उघडला, पुन्हा मिटला, पुन्हा उघडला. तिने धावत जाऊन त्यांना मागे ओढलं, तेव्हा त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनी शाळेत कुणा पोराला ऐकवलं असतं तर पालक शाळेत आले असते.

"कुण्या गाढवाने ठरवलं हे चार सेकंद?"

"आमच्याच कंपनीत आहे तसं."

"मग तुमची कंपनी गाढव."

त्यानंतर त्यांनी खाली जाणंच सोडलं. विचारलं तर म्हणत, "बाहेर काय सोनं लागलंय?" दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसत आणि खालच्या पोरांची कवायत चुकली की दम्याची शिट्टी फुंकत. ती ऐकून मुलं वर बघून हसत. शाळेत असताना त्याच शिट्टीने पोरांची पँट ओली व्हायची. डॉक्टर म्हणाले, असेच बसून राहिले तर पुढच्या वेळी वॉकरही उपयोगाचा राहणार नाही, चाकांची खुर्चीच आणावी लागेल. हे ते दाराबाहेर हळू बोलले होते. पण मास्तरांचे कान शाबूत होते. त्या दिवसानंतर ते शिट्टीही वाजवेनात. ती खिळ्याला गेली.

एखाद्या इमारतीला वेगळा आकडा हवा असेल तर त्या इमारतीच्या कमिटीने कंपनीला लेखी कळवायचं, असा नियम होता. ती सेक्रेटरीकडे गेली. सेक्रेटरी तळमजल्यावर राहत होते आणि लिफ्ट फक्त तत्त्वासाठी वापरत होते.

"बारा सेकंद?" ते म्हणाले. "ताई, एका माणसासाठी अख्ख्या इमारतीने खोळंबायचं?"

"काका, आठ सेकंदांनी कुणाचं काय बिघडतं?"

"आज आठ सेकंद. उद्या कुणी म्हणेल माझी मांजर हळू चालते. एकदा आकडा ठरला की ठरला." आणि मग, अगदी मनापासून, "बाबांना म्हणावं, जरा चपळाई आणा."

हे वाक्य तिने घरी सांगितलं नाही.

नक्कल : मूळ

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा ती जागेवरच बसून राहिली. तिने जे केलं ते नियमाबाहेर होतं, पण पद्धतीत होतं. सराईत चोरही चपला दाराबाहेर काढून ठेवतो म्हणतात, तसं. मूळ डिक्शनरीला हात लावायचा नाही, हे तिचंच व्रत. म्हणून तिने आधी नक्कल केली, नकलेला आपल्या इमारतीचं नाव दिलं. मग नकलेतल्या 'दरवाजा'मध्ये जाऊन 'थांब'समोरचा चार पुसला आणि बारा लिहिला. कुलूप ओरडलं नाही. कसं ओरडेल, हात नकलेला लावला होता ना! असं तिला वाटलं. बदल लिफ्टपर्यंत पोचायला रात्र जायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना जवळजवळ ढकलतच तिने लिफ्टपाशी नेलं. दरवाजा उघडला. वॉकर पुढे. पाय. वॉकर पुढे. पाय. बाबा आत वळले, आरशात स्वतःकडे बघितलं, केस सारखे केले, तरी दरवाजा उघडाच.

"बिघडलाय का?" बाबांनी संशयाने विचारलं.

"नाही. थांबलाय."

"कुणासाठी?"

तिने तळमजल्याचं बटण दाबलं. दरवाजा मिटला.

समोरून न्हाव्याची आरोळी आली, "आले, आले! मास्तर आले! पोटं आत घ्या रे सगळ्यांनी!" बाबांनी मान ताठ केली आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "तू जा. मला काय उचलून न्यायचंय?" इतकं उद्धट ते कित्येक दिवसांत बोलले नव्हते. ती बसमध्ये चढेपर्यंत हसत होती.

ऑफिसच्या इमारतीत लिफ्टचा दरवाजा उघडला, ती आत शिरली आणि वाट बघत उभी राहिली. आणखी चौघे शिरले. तेही वाट बघत उभे राहिले. कुणीतरी ते बिनवायरीचं बटण दाबलं, मग चिडून धडाधड दाबलं. दरवाजा उघडाच. तिने घड्याळात सेकंद मोजले. बारा.

जेवायच्या सुट्टीपर्यंत गावभर बोंब झाली होती. सगळ्या लिफ्ट बारा सेकंद थांबत होत्या. बँकेच्या उंच इमारतीत सकाळी लिफ्टसमोर रांग रस्त्यापर्यंत गेली. अनोळखी माणसांना एकमेकांकडे पूर्ण बारा सेकंद बघत उभं राहावं लागलं. हे त्यांना शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. काहींनी नाइलाजाने नमस्कार केला. एका जोडप्याचं भांडण, जे एरवी दरवाजा मिटल्यावर आत उरकायचं, ते अर्धं बाहेर ऐकू आलं आणि शेजाऱ्यांनी आपली मतं दिली. विक्री विभागाने संध्याकाळच्या आत जाहिरात काढली : 'आमची लिफ्ट तुमच्यासाठी थांबते'. बँकेने कळवलं की तुमची लिफ्ट थांबते आणि आमचं काम थांबतं.

साहेबांनी सगळ्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. "हे कसं झालं? डिक्शनरी तर अभेद्य आहे!"

कुलूपबाईला उत्तर सकाळीच सापडलं होतं. तिने गोठवली होती ती फक्त बाहेरची डिक्शनरी. कपाटाला कुलूप होतं. नवा खण बसवता येत नव्हता, जुना काढता येत नव्हता. पण खणांना कुलूप नव्हतं, आतलं सामान कुणीही उपसावं. आणि तिने नक्कल केली तीही कपाटाचीच. नवं कपाट, नवी पाटी, पण खण तेच जुने, दोन्हीकडून उघडणारे. आपल्या नकलेत बारा लिहिताना तिने अख्ख्या गावाच्या खणात बारा लिहिला होता. दाढीने केलं होतं तेच तिने केलं, फरक इतकाच की दाढीला त्याबद्दल ढाल मिळाली नव्हती.

खोलीतून बाहेर पडताना दाढी तिच्या कानाशी वाकला. कोणत्या फाइलला शेवटचा हात कुणाचा लागला, हे त्याच्याही पडद्यावर दिसत होतं.

"डबा कुणी हलवला गं?"

"गप्प बस."

"मी कुठे काय म्हणतोय? फ्रिज सगळ्यांचा आहे." मग, "मास्तर कसे आहेत?"

"खाली बसलेत. सलूनमध्ये."

दाढीने मान हलवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. त्यानंतर त्याने हा विषय काढला नाही. दाढीबद्दल तिचं जे मत होतं त्यातला बराचसा भाग तिला त्या दिवशी पुसावा लागला.

आधी : कुलूप

सगळ्या घोटाळ्यांना एक शहाणपण असतं : ते तपासणीच्या आदल्या दिवशी होतात. वर्षातून एकदा सरकारी तपासनीस येई, प्रोग्राम बघे आणि त्यावर शिक्का मारे. शिक्क्यानंतर पुढच्या तपासणीपर्यंत त्यातला स्वल्पविरामही हलवायचा नाही, असा यंदापासूनचा नवा कायदा. तो उद्या येणार होता आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे : आकडे चुकून बदलू शकतात का?

साहेब तिच्या टेबलाशी आले. घाम पुसत होते. "तू आत्ताच्या आत्ता पक्कं कुलूप लाव. आतपर्यंत. खणाला खण, डबीला डबी. काही म्हणजे काही हलता कामा नये."

ती उभी राहिली. एक वाक्य बोललं की बाबा उद्यापासून पुन्हा गॅलरीत. नाही बोललं तर ती दाढीहून वाईट. त्याचं निदान चुकून झालं होतं.

"साहेब, आत्ता आत बारा आहे," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आधी चार करू. मग गोठवू. आणि तो बदल माझ्या—"

"बदल?" साहेब किंचाळले. "अजून बदल? अगं, बदलामुळेच तर हे झालं! तपासणीच्या तोंडावर कुणी एक अक्षर बदलायचं नाही! जसं आहे तसं गोठव. आधी कुलूप, मग चौकशी!"

"पण आतला बारा—"

"जसं आहे तसं!"

तिने दोनदा सांगितलं होतं. दाढी साक्षीला होता, चहाचं मशीन साक्षीला होतं. तिसऱ्यांदा सांगण्याची सोय माणसाच्या प्रामाणिकपणात असते की नाही, यावर तिने थोडा विचार केला. ती खाली बसली आणि कामाला लागली. यावेळी तिने खरोखर खोलवर गोठवलं. कपाट, कपाटातले खण, खणातल्या डब्या, डबीतली चिमूट. मग स्वतःच चार लिहून बघितला.

हा संच गोठवलेला आहे. बदल नामंजूर.

एवढं सुंदर काम तिने याआधी केलं नव्हतं. ढाल मिळाली ती चुकीच्या कुलपाला.

तपासनीस आला. चहा नको म्हणाला, मग दोन कप प्यायला. त्याने बाहेरून हलवून बघितलं, आतून हलवून बघितलं, डबीतली चिमूट हलवून बघितली. काही हललं नाही. त्याचा चेहरा उजळला. इतका गच्च प्रोग्राम त्याने कारकिर्दीत पाहिला नव्हता. दरवाजा किमान किती वेळ उघडा हवा, ते त्याने पाहिलं. बारा म्हणजे किमानाच्या कितीतरी वर. आकडा शहाणपणाचा आहे का, असा प्रश्न त्याला विचारायचा नव्हता. त्याने शिक्का मारला.

साहेब हसत हसत तिच्याकडे आले. "छान. आता चारवर आण."

"येत नाही."

"म्हणजे?"

"आपणच गोठवायला सांगितलंत."

"मग वितळव!"

"वितळवायचं म्हणजे नवा प्रोग्राम. नवा प्रोग्राम म्हणजे नवी तपासणी." तिने शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं. "ती पुढच्या वर्षी."

साहेबांनी दाढीकडे बघितलं. दाढी दाढी खाजवत होता. चूक होऊन पसरली होती, चुकीला चुकांपासून संरक्षण मिळालं होतं आणि संरक्षणावर सरकारी शिक्का होता.

चौकशी मात्र झाली. सगळ्यांत विश्वासू माणूस म्हणून ती साहेबांनी कुलूपबाईकडेच दिली. तिने अर्धं पान लिहिलं : कपाटाला कुलूप होतं, खणांना नव्हतं, नियम मोडून आकडा बदलला तो कुलूप लावणारीनेच. साहेबांनी वाचलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, ज्यात ते स्वतः तिला ढाल देत होते. पान त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "तू फार मनाला लावून घेतेस."

सेक्रेटरी तावातावाने घरी आले. "ताई, हे काय चाललंय? मी नाही म्हटलं होतं! ताबडतोब चार करा!"

"काका, एकदा आकडा ठरला की ठरला," ती म्हणाली. "पाणी देऊ?"

बाबा आता रोज जातात. वॉकर, पाय, वॉकर, पाय, आरसा, केस. परतताना तळमजल्यावर लिफ्टच्या तोंडाशी उभे राहतात. कुणी धावत आत घुसायला आलं की खिशातून शिट्टी काढतात. "हळू! कुठे आग लागलीय? दरवाजा थांबलाय ना तुमच्यासाठी! माणसाने जरा दमाने घ्यावं!" न्हाव्याने शिट्टी साफ करून दिली आहे. आता ती चौकापर्यंत ऐकू जाते आणि सेक्रेटरी खिडकी लावून घेतात.

ही लिफ्ट नवी बसली तेव्हा तिचा दरवाजा आठ सेकंद उघडा राहत असे. एवढ्या वेळात बैलसुद्धा आत जातील, चारवर आणा, असं कमिटीच्या सभेत शिट्टी फुंकून सांगणारे बाबाच होते, आणि कंपनीने पुढे तोच आकडा सगळ्या गावाला लावला.